राडारोड्यावरची चटकचांदणी : वेताळ टेकडीच्या पायथ्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या गोखलेनगरकडच्या पायथ्याला एक कच्चा रस्ता येऊन संपतो. तो संपतो तिथे दोन-तीन गुंठ्यांचा सपाट तुकडा आहे आणि त्याला लागूनच पायवाट वर चढते. गेली कित्येक वर्षं मी रोज सकाळी याच वाटेनं टेकडीवर जाते. या तुकड्यावर पूर्वी कुसळी आणि पवन्या गवत असायचं. श्रावणात गुडघाभर, दिवाळीनंतर सोनेरी आणि मार्गशीर्षात घरी आल्यावर सलवारीच्या काठातून कुसळं वेचत बसायचं, असं त्याचं वर्ष ठरलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तिथे राडारोड्याचे ढीग दिसले. विटांचे तुकडे, गिलाव्याचे पोपडे, फुटक्या फरश्या आणि कुठल्या तरी इमारतीच्या पायातून निघालेला मुरूम. रात्रीतून दोन-तीन डंपर रिकामे झाले असावेत. आम्ही तक्रारी केल्या, अर्ज दिले, फोटो पाठवले. ढीग जागचे हलले नाहीत. मग पाऊस आला.

पुढच्या तीन पावसाळ्यांत त्या तुकड्यावर काय काय घडलं, ते इथे लिहिते आहे. जागा अगदीच लहान आहे. पण गाजरगवतासारखी परक्या मुलखातली वनस्पती येते, रुजते आणि पसरते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला इथे डोळ्यांसमोर बघायला मिळालं.

पहिला पावसाळा

वळवाच्या दोन सरी झाल्या आणि आठ-दहा दिवसांत ढिगांवर जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारख्या पानांची रोपटी दिसायला लागली. गाजरगवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतं, कुणी पांढरफुली. मला सगळ्यांत नेमकं वाटतं ते चटकचांदणी हे नाव. फूल चांदणीसारखं आणि अंगाला लागलं की चटका. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. नाव गवताचं असलं तरी हे गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातलं वर्षायू रोप आहे आणि मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या प्रदेशातलं.

आषाढ संपता संपता ढीग पांढरे झाले. कमरेएवढी झाडं, वर पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. एका सकाळी पाऊस थांबला म्हणून छत्री मिटून मी ढिगांभोवती चक्कर मारली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि मी तिथेच थबकले. ढिगाची कड संपली की चटकचांदणीही संपत होती. दोन पावलं गवतात शिरून वाकून पाहिलं, पवन्याच्या ठोंबांमध्ये तिचं एकही रोप नव्हतं. अपवाद फक्त दोन पट्ट्यांचा. डंपर मागे घेताना त्याची चाकं गवतातून गेली होती. गवत चिरडलं होतं, माती उघडी पडली होती. त्या दोन चाकोऱ्यांमध्ये चटकचांदणी एका रांगेत, कुणी पेरल्यासारखी उभी होती.

बी आजूबाजूच्या गवतात पडलं नसेल असं शक्यच नव्हतं. ढिगापासून हातभर अंतरावर बी पडणारच. मग चाकोरीत उगवलं आणि शेजारच्या गवतात का नाही? या एका प्रश्नापायी मी पुढची दोन वर्षं त्या तुकड्यावर खुरपं घेऊन बसले.

बी किती आणि जातं कसं

एक फांदी घरी आणून भिंगाखाली पाहिली. आपण ज्याला फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो, जेमतेम चार मिलिमीटरचा. कडेला पाच फुलं, त्यांच्यामुळेच त्याला पाच कोपरे येतात आणि चांदणीचा आकार दिसतो. मधल्या दाटीतली फुलं नुसते पराग देतात. बी धरतं ते कडेच्या पाचांनाच, प्रत्येकी एक. म्हणजे एका चांदणीला पाच बिया. आता एका बऱ्या वाढलेल्या झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात असं अभ्यासकांनी मोजलेलं आहे. पाचानं भागलं तर एका झाडावर तीन ते पाच हजार चांदण्या होतात. झाडाखाली उभं राहिलं की हा आकडा मुळीच फुगवलेला वाटत नाही. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलं यायला लागतात आणि ओल असेल तर वर्षातून अनेक पिढ्या होतात.

बी काळं, चपटं, दोन मिलिमीटरचं. त्याच्या दोन्ही अंगांना वाळक्या फुलांचे पापुद्रे चिकटलेले असतात. रुईच्या म्हातारीसारखी मऊ शेपूट त्याला नाही, त्यामुळे वाऱ्यावर ते फार लांब जात नाही. पापुद्र्यांमुळे पाण्यावर मात्र तरंगतं. आणि ओल्या मातीबरोबर कशालाही चिकटतं: डंपरच्या टायरला, जेसीबीच्या फावड्याला, बुटाच्या तळाला, शेळीच्या खुराला. वाळूतून, मुरमातून, शेणखतातून, नर्सरीतल्या कुंडीच्या मातीतून, चाऱ्याच्या पेंढीतून ते गावोगाव फिरतं. जमिनीत खोल गाडलं गेलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. आमच्या ढिगात ते मुरमाबरोबरच आलं असणार, कारण पहिल्या सरींनंतर ढिगाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळीकडे एकाच वेळी उगवलं.

झाडाझुडपांचं स्थलांतर ही काही नवी गोष्ट नव्हे. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो तो मैना-बुलबुलांच्या विष्ठेतून. आघाडा आणि गोखरू माणसांच्या कपड्यांना, शेळ्या-मेंढ्यांच्या केसांना धरून जातात. आणि परकं म्हणजे वाईट असंही मला म्हणायचं नाही. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ हे सगळं अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलं. दसऱ्याला ज्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा, तोही चटकचांदणीच्याच कुळातला. परदेशातून आलेल्या वनस्पतींबद्दल अभ्यासकांचा एक ढोबळ आडाखा आहे. दहा आल्या तर त्यातली एखादी मोकळ्या रानात दिसू लागते, अशा दहांतली एखादी तिथे कायमची रुजते आणि रुजलेल्या दहांतली एखादी त्रासदायक ठरते. म्हणजे येणं, रुजणं आणि माजणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. चटकचांदणीचा पुण्यातला इतिहास याच पायऱ्यांनी वाचायला हवा, आणि तसा तो फारसा कुणी वाचत नाही.

१९५५ चा उकिरडा

भारतात गाजरगवताची जी नोंद सगळीकडे पहिली म्हणून सांगितली जाते, ती पुण्याची आहे. १९५५ मध्ये इथे कचऱ्याच्या ढिगांवर हे झाड दिसलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून ते नोंदवलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालयही पुण्यात १९५५ च्या डिसेंबरातच सुरू झालं. झाड ओळखू शकणारी नजर ज्या गावात असते, तिथेच पहिली नोंद होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे आलं कसं, याचं उत्तर पुण्यात कुणालाही विचारा: अमेरिकेच्या गव्हातून, पीएल-४८० नावाच्या अमेरिकी धान्यमदतीतून. रेशनच्या दुकानातला तो तांबडा गहू ज्यांनी निवडला आहे, त्या पिढीला याबद्दल तिळमात्र शंका नाही. काँग्रेस गवत या नावाची एक व्युत्पत्तीही तिथूनच सांगतात. दुसरी म्हणजे काँग्रेसवाल्यांच्या पांढऱ्या टोपीसारखा दिसणारा फुलोरा.

तारखा मात्र जुळत नाहीत. पीएल-४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ चा, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. झाड तर १९५५ मध्येच पुण्याच्या उकिरड्यावर फुललेलं होतं. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेनं भारताला धान्य खरेदीसाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं आणि त्यातून सुमारे २० लाख टन धान्य घ्यायचं ठरलं होतं, तेव्हा बी गव्हातून आलं असेलही; पण ते पीएल-४८० च्या गव्हातून नव्हे. नंतरच्या जहाजांनी त्यात भर घातली असणं अगदी शक्य आहे. एवढंच नाही, तर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी केलेली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची यादी १८१४ मध्ये छापली गेली, तिच्यातही हे झाड आहे. म्हणजे ते देशात येऊन १४० वर्षं होऊन गेली होती आणि तोवर त्यानं कुणाला त्रास दिल्याचं दिसत नाही.

ऑस्ट्रेलियातली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथे क्वीन्सलंडमध्ये हे झाड १९५५ च्याच सुमारास आढळलं. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या अमेरिकन यंत्रसामग्रीबरोबर ते आलं असावं, असं तिथे मानतात. पुढे १९६० मध्ये टेक्सासहून मागवलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते पुन्हा आलं आणि त्या वेळी मात्र हाताबाहेर गेलं. तिथे वाहन वेगळं, इथे वेगळं, पण माजण्याची जागा तीच: उघडी, उकरलेली किंवा गुरांनी चरून खरवडलेली जमीन.

आपल्याकडे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, असं म्हणतात. गव्हाच्या पोत्यातलं दोन मिलिमीटरचं बी आपण साठ-सत्तर वर्षं बोटानं दाखवत आलो. ज्या उकिरड्यावर ते रुजलं, तो कुणाचा होता? त्यानंतरचं पुणे आठवून पाहा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा चिखलात गेल्या आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. मग कारखाने आले, सोसायट्या आल्या, रस्ते रुंद झाले. गेल्या सहा दशकांत या शहराच्या कडेची जमीन सलग दोन पावसाळे न उकरता राहिली असेल अशी जागा शोधावी लागेल. वसाहती व्हायलाच हव्या होत्या, आम्ही स्वतः तशाच एका वसाहतीत राहतो. पण प्रत्येक खोदाईची माती कुठे तरी जाऊन पडली आणि ती जिथे पडली तिथे चटकचांदणीसाठी वाफा तयार झाला, असं माझं मत या तुकड्यावर बसून बनलं आहे. आज देशात सुमारे ३.५ कोटी हेक्टरवर हे झाड पसरल्याचा अंदाज आहे.

गवतात का शिरत नाही

चाकोरीच्या प्रश्नाचं उत्तर मला झाडाच्या पहिल्या महिन्यात सापडलं. कोवळ्या वयात चटकचांदणी उंच वाढत नाही. पानं चक्रासारखी जमिनीवर सपाट पसरते आणि तेवढी जागा स्वतःच्या नावावर करून घेते. त्या पानांखाली दुसऱ्या कशालाही ऊन मिळत नाही, शिवाय तिच्या अंगातल्या पार्थेनिनसारख्या रसायनांनी शेजारच्या बियांचं उगवणं आणि वाढणं मंदावतं. उघड्या मुरमावर हा डाव बिनतोड आहे. दाट गवतात मात्र तोच अंगाशी येतो, कारण तिथे सपाट पडलेल्या पानांवर आधीच सावली असते. पवन्याचे ठोंब बहुवर्षायू, त्यांची मुळं जुनी. पहिल्या पावसाबरोबर आठवड्यात वीतभर उठतात. चटकचांदणीचं बी तिथे उगवलंच तरी अंधारात कुजून जातं.

गवत चिरडलं, जाळलं, मुळापर्यंत चारलं किंवा त्याच्यावर राडारोडा टाकला, की हे पारडं उलटतं.

आमची चूक

पहिल्याच वर्षी श्रावणात आम्ही सकाळच्या फिरणाऱ्यांपैकी सात-आठ जण जमलो आणि गवत कापायचं यंत्र भाड्यानं आणून सगळा फुलोरा सपाट केला. तासाभरात तुकडा स्वच्छ दिसायला लागला, सगळे खूश झाले. शेजारच्या बागेत काम करणारे माळीकाका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "ताई, हे कापू नका. कापलं की त्याला चेव येतो. उपटा मुळासकट."

काकांचं खरं ठरलं. महिन्याभरात प्रत्येक बुडख्यातून चार-चार फांद्या फुटल्या आणि या वेळी फुलं आली ती जमिनीपासून वीतभर उंचीवरच, जिथे यंत्राचं पातं पोचतच नाही. पिकलेल्या फुलांतलं बी यंत्राबरोबर उधळून पायवाटेच्या कडेनं आणखी दहा पावलं वर गेलं. ती दहा पावलं आम्ही पसरवली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दर पावसाळ्यात सोसायट्यांच्या मोकळ्या जागांत आणि रस्त्यांच्या कडेला अगदी हेच होताना दिसतं.

उपटायचं ते फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती भिजलेली असताना, सोटमुळासकट. फुलाआधी उपटलेलं झाड खड्ड्यात कुजवून खत करता येतं. फूल आल्यावर ते खतात टाकलं तर बी सगळ्या बागेत जातं. आणि हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडाला रुमाल, यातलं काहीही वगळायचं नाही.

चटका

हातमोज्यांबद्दल इतकं ठासून लिहायला कारण आहे. आमच्या भागात बागकामाला येणाऱ्या एका मावशींचे हात, मान आणि पापण्या दर पावसाळ्यात सुजायच्या. कोपराच्या खळग्यात कातडी जाड होऊन काळी पडली होती. त्या म्हणायच्या, "पावसाचं पाणी लागतं अंगाला." गौरी बसल्या तेव्हा त्या मावशी शेवंतीच्या वेण्या करायला बसल्या आणि अर्ध्या तासात हात पेटले. शेवंती त्यांनी जन्मभर हाताळलेली. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारपूस करून तपासणी केली तेव्हा मूळ कारण निघालं चटकचांदणी. तिच्या अंगातल्या द्रव्यांनी एकदा त्वचा बिथरली की त्याच कुळातल्या शेवंतीसारख्या फुलांनीही ती बिथरते. झाडाला हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या पानांची धूळ वाऱ्यानं उडून उघड्या अंगावर बसली तरी पुरे.

या आजाराच्या वैद्यकीय नोंदीचं गावही पुणेच आहे. १९६८ मध्ये लोणकर आणि जोग यांनी गाजरगवतामुळे झालेल्या त्वचादाहाचा रुग्ण नोंदवला आणि १९७४ मध्ये लोणकर यांनी मिचेल व काल्नन यांच्याबरोबर त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. झाड उकिरड्यावर दिसलं १९५५ मध्ये, दवाखान्यात पोचलं बारा-तेरा वर्षांनी. त्वचा पहिल्या स्पर्शात बिथरत नाही, पुन्हा पुन्हा संपर्क यावा लागतो. आणि तेवढा संपर्क यायचा तर झाडही तितकं सर्वत्र व्हावं लागतं. रुग्णांच्या कागदांवरूनही वनस्पतीचा प्रसार वाचता येतो तो असा.

मावशींनी पुढे ते काम सोडलं. त्यांना दुसरं काम मिळवून देता आलं, पण शेवंती सुटली ती सुटलीच. जनावरांचंही असंच. चारा नसला की गुरं हे झाड खातात, त्यानं दूध कडवट होतं आणि जास्त खाल्लं तर जनावर आजारी पडतं.

दुसरा पावसाळा आणि भुंगेरा

दुसऱ्या वर्षी आम्ही ज्येष्ठापासूनच उपटायला बसलो. तरी ढिगांच्या फटींतून नवं नवं येतच राहिलं, कारण प्रत्येक विटेखाली बी होतं. आषाढाच्या शेवटी मात्र पानांवर छोटे पांढुरके भुंगेरे दिसले, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा, आकार मोठ्या लेडीबर्डएवढा. पानं चाळणी झालेली, शेंड्यांत पिवळसर अळ्या.

हा झायगोग्रामा, आपल्याकडे मेक्सिकन भुंगेरा म्हणतात. चटकचांदणी समुद्र ओलांडून आली तेव्हा तिला खाणारे तिचे शत्रू मागेच राहिले होते. तिच्या माजण्याचं ते एक मोठं कारण. म्हणून मेक्सिकोतून हा भुंगेरा मुद्दाम आणून, तो दुसरं काही खात नाही ना हे तपासून, १९८४ मध्ये बंगळूरला सोडला गेला. पुढे तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला आणि मोठा गदारोळ झाला. अभ्यासाअंती कळलं की सूर्यफुलाच्या पानांवर चटकचांदणीचे पराग पडलेले असले की तो फसून तिथे तोंड मारतो. सूर्यफुलावर त्याचा वंश वाढत नाही. आता तो देशात बऱ्याच ठिकाणी आपला आपण फिरतो. आमच्याकडेही तो कुणी सोडला नव्हता. म्हणजे या दोन गुंठ्यांत मेक्सिकोच्या झाडामागून मेक्सिकोचा किडा चालत आला होता, आणि मला तो फार आवडला. एका ढिगावरची झाडं श्रावणात त्यानं अक्षरशः काड्या करून टाकली.

पण त्याच्यावर सगळं सोपवता येत नाही. पावसाची ओल असते तोवर तो काम करतो. थंडी आणि कोरडेपणा आला की जमिनीत शिरून थेट पुढच्या पावसापर्यंत झोपतो. आश्विनात परतीचा पाऊस झाला आणि चटकचांदणीची एक नवी पिढी उगवली, तेव्हा भुंगेरा जागेवर नव्हता. ती पिढी आम्ही हातानंच काढली.

गवत परत आणणं

दुसऱ्या दिवाळीनंतर आमच्या ध्यानात आलं, की उपटण्याला अंत नाही, कारण उपटलेली जागा पुन्हा उघडीच राहते. तिथे कोण बसणार हे आपण ठरवलं नाही तर पुन्हा तीच बसते. मग दोन कामं केली. विटा आणि फरश्या एकीकडे रचून उताराला आडवा दगडी बांध घातला, म्हणजे माती वाहून जाणार नाही. ढिगांचा मुरूम पसरून वर टेकडीवरच्याच जुन्या गळालेल्या गवताचं आच्छादन टाकलं. आणि मार्गशीर्षात वरच्या उतारावरून पवन्याची आणि कुसळीची पिकलेली कणसं पिशव्या भरून गोळा केली.

कुसळीला पेरावंसुद्धा लागत नाही, नुसतं विखरावं. तिच्या बियांना लांब पीळदार शेपूट असतं. दवानं भिजलं की पीळ उलगडतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो, आणि असं रोज भिजत-वाळत टोकदार बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. जी कुसळं मी सलवारीतून चिडून उपटायची, तीच आता वेचून आणत होते.

उन्हाळ्यात टाकळ्याचं बीही टाकलं. टाकळा दाट आणि लवकर उगवतो, पहिल्या महिन्यातच जमीन झाकतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात चटकचांदणीला ऊन लागतं. गाजरगवताच्या जागी टाकळा पेरा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञही देतात, आणि कोवळ्या टाकळ्याची भाजी होते ती वेगळीच. एक सुचवणी मात्र आम्ही नाकारली. कर्नाटकात टाकळ्याची एक अमेरिकन बहीण चटकचांदणीला हटवण्यासाठी वापरून पाहिली आहे आणि ती हटवतेही. पण ती स्वतःच परकी आहे आणि आता तीही माळांवर भराभर पसरते. टेकडीवर एक पाहुणी काढून दुसरी बसवायची माझी तयारी नव्हती. आमच्यातल्या एका काकांना हे पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

तिसरा पावसाळा आणि त्यानंतर

तिसऱ्या ज्येष्ठात टाकळा घोट्याएवढा झाला आणि त्याच्या खाली शोधून शोधून चटकचांदणीची रोपटी सापडायची, पिवळी आणि लांबुडकी. भाद्रपदात पहिल्यांदा पवन्याचे तुरे आले, विरळ पण आले. पवन्याचे ठोंब जुन्या दाटीला यायला अजून काही वर्षं लागतील. बांधाच्या वरच्या अंगाला, जिथे माती साठली आहे, तिथे गवत चांगलं धरलं आहे. दोन जुन्या चाकोऱ्यांपैकी एक आता ओळखूही येत नाही.

दुसरी येते. ती कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. फिरायला येणारे काही जण तिथपर्यंत गाडी आणतात आणि तिथेच वळवतात, त्यामुळे तेवढी एक पट्टी कायम उघडी राहते. मोठे दगड लावून ती बंद करावी असा अर्ज आम्ही दिला आहे. गेल्या रविवारी वळीव पडून गेल्यावर गेले तर त्या पट्टीत गाजराच्या पाल्यासारखी चौदा रोपटी होती, सगळी दोन बोटांएवढी. भिजल्या मातीतून मुळासकट अलगद निघाली. त्यांच्या शेजारी, टायरच्या नक्षीत, चिखलात अर्धवट रुतलेलं एक कुसळ होतं. त्याला हात लावला नाही.